हळदीसाठी स्युडोमोनासची पावडर : घ्यावी, पण तारीख पाहून

सांगलीतील एका कृषी सेवा केंद्रातून घेतलेली स्युडोमोनास फ्लुरोसन्सची पावडर यंदा हळदीच्या बेणेप्रक्रियेला (लागवडीआधी बेण्याला लावायला) आणि पुढे भरणीच्या, म्हणजे झाडांच्या बुंध्याशी माती लावण्याच्या वेळी शेणखतातून वापरली. पावडर चांगली आहे. मात्र तिला औषध समजून घेणाऱ्याची निराशा होईल, कारण पाकिटात विष नसून जिवंत जिवाणू आहेत, आणि कंदकुजीच्या पिथियम बुरशीला रोखणारी रसायने ते मुळांभोवती वस्ती केल्यानंतरच तयार करतात.

त्यांचे एक मोठे अस्त्र लोहाशी निगडित आहे. लोहाची चणचण भासू लागली की हे जिवाणू पायोव्हर्डिन नावाचा पिवळसर-हिरवा पदार्थ बाहेर सोडतात. तो मातीतील लोह पकडून ठेवतो आणि लोहासकट त्याला पुन्हा आत घेण्याची सोय या जिवाणूंकडे असल्याने बुरशीची उपासमार होते. मिरज तालुक्यातील आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू (पीएच) जास्त असल्यामुळे लोह मुळातच कमी उपलब्ध असते, त्यामुळे हे अस्त्र येथे उपयोगी पडते. पण पाने पिवळी पडली म्हणून त्याच सुमारास चिलेटेड (सहज शोषले जाणाऱ्या रूपातील) लोहाची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यातून मुळांशी ओतले, तर जिवाणू पायोव्हर्डिन बनवणेच कमी करतात. पाकिटावर याबद्दल अवाक्षर नाही. लोह द्यायचेच असेल तर फवारणीतून द्यावे.

याखेरीज या जिवाणूचे काही वाण (स्ट्रेन) डायअ‍ॅसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल किंवा फेनाझिन ही प्रतिजैविकेही स्रवतात. माझी खरी तक्रार इथेच आहे : लेबलवर जिवाणूचे नाव आणि दर ग्रॅममधील संख्या दिली आहे, वाण दिलेला नाही, त्यामुळे आपण यांपैकी नेमके काय विकत घेतो आहोत हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही.

पावडर जिवंत आहे की नाही, एवढे तरी तपासता येते. कृषी शाखेत शिकणाऱ्या भाचीने चिमूटभर पावडर पाण्यात कालवून किंग्ज बी या जिवाणू वाढवण्याच्या प्रयोगशाळेतील माध्यमावर वाढवली, तेव्हा अतिनील दिव्याखाली बशीतील ठिपक्यांभोवती हिरवट चमक स्पष्ट दिसली. मुदत संपत आलेल्या दुसऱ्या पाकिटातून मात्र तुरळक ठिपकेच उगवले. बॅसिलस सबटिलिस बीजाणू बनवून तग धरतो, स्युडोमोनासला ती सोय नाही; म्हणून उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या दुकानातले पाकीट, सवलत कितीही असो, घेऊ नये. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांबेयुक्त बुरशीनाशकही याच्यासोबत मिसळू नये, हे वेगळे सांगायला नको.

निचऱ्याच्या वरच्या पट्ट्यात यंदा कंदकूज नगण्य राहिली, यात निचऱ्याचाही वाटा असणारच. पाणी साचणाऱ्या खालच्या सऱ्यांत मात्र गड्डे कुजू लागल्यावर पावडरीच्या आळवणीने काही फरक पडला नाही. तेथे चर काढून मेटालॅक्झिलयुक्त बुरशीनाशकच द्यावे लागले.