ओपनऑफिससोबत आठ महिने: माल बरा, घर चुकलं

सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि दप्तरासोबत एक म्हातारा लॅपटॉप पदरात पडला. त्यावर मी मुद्दाम अपाची ओपनऑफिस टाकलं, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं फुकट सॉफ्टवेअर. ‘लिब्रेऑफिस घ्या’ असं मुलगा सांगत होता, पण जुन्या नावाचा लोभ सुटत नाही.

मेंटेनन्सचा हिशेब त्यातल्या कॅल्कमध्ये, नोटिसा आणि इतिवृत्त रायटरमध्ये. हिशेबाबद्दल तक्रार नाही. अडतं ते वर्डच्या डॉकएक्स फाइलपाशी: ती उघडते, पण त्याच स्वरूपात सेव्ह होत नाही. आजच्या काळात हे जरा अतीच. ४.१ ही आवृत्ती २०१४ची. त्यानंतर फक्त शेवटचा आकडा वाढत आलाय.

असं का, हे शोधताना सॉफ्टवेअरपेक्षा त्याच्या घराचीच गोष्ट जास्त रंगली. २०१०मध्ये ओपनऑफिस बनवणारी बरीच मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. पुढच्या वर्षी त्या वेळच्या मालकाने, ओरॅकल कंपनीने, ओपनऑफिस अपाची फाउंडेशन या संस्थेच्या ओटीत घातलं. आता अपाची म्हणजे शिधा देणारं घर. तिथे अधिकृत प्रकाशन म्हणजे सोर्स कोड, प्रोग्रॅमचा मूळ मजकूर. तयार इन्स्टॉलर ही वरची सोय. अपाचीचाच वेब सर्व्हर किंवा काफ्का (डेटा वाहून नेणारी प्रणाली) घेणारे स्वतःच स्वयंपाकी असतात, त्यांना शिधाच हवा असतो. ओपनऑफिसवाल्याला, म्हणजे मला, वाढलेलं ताट लागतं. शिवाय फाउंडेशन कोड लिहायला पगार देत नाही. ज्या कंपन्यांना प्रकल्पाची गरज असते, त्या आपली माणसं लावतात. इथे ती फारशी उरली नाहीत. कोलाबोरा, रेड हॅटसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे अभियंते लिब्रेकडे राबले. २०१६मध्ये तर सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेत देता येत नाहीत म्हणून प्रकल्प गुंडाळायचा का, अशी चर्चा प्रकल्पाच्याच समितीच्या अध्यक्षांनी काढली होती.

परवान्याची गंमत वेगळीच. अपाचीचा परवाना सैल, त्यामुळे लिब्रेवाले इथला कोड उचलू शकतात. उलटं मात्र जमत नाही. वाटी एकाच बाजूने जाते.

माझ्या मते दोष स्वयंसेवकांचा नाही. उरलेल्या मूठभरांनी एवढा डोलारा सांभाळला हेच पुष्कळ. अपाचीच्या रीतीही वाईट नाहीत, फक्त या पाहुण्यासाठी नाहीत.

गेल्या रविवारी नोटिसांसाठी लिब्रेऑफिस टाकलं. मुलगा काही बोलला नाही, नुसता हसला. हिशेब मात्र मार्चअखेरपर्यंत जुन्याच घरी राहील. वर्षाच्या मध्येच वही बदलायची नाही, असं खजिनदारकाकांनी बजावलंय.