नोकरीचा विमा सुटल्यावर मेडिकेअर: आठ महिन्यांचा अनुभव

३० सप्टेंबर २०२५ ला मी नोकरी सोडली तेव्हा माझं वय अडुसष्ट, यांचं सत्तर. अमेरिकेत पासष्टीला मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, घ्यायचं असतं हे दोघांनाही माहीत होतं. पण माझ्या कंपनीचा विमा चालू होता, त्यात हेही होते, आणि २० किंवा जास्त माणसांच्या कंपनीत प्रत्यक्ष नोकरी चालू असेपर्यंत पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टर आणि तपासण्यांचा भाग, लांबवला तरी दंड बसत नाही. म्हणून आम्ही लांबवला. आता न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीतली तीन-चार जोडपी निवृत्तीच्या उंबऱ्यावर आहेत आणि प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगून माझा घसा बसलाय. म्हणून एकदाचं लिहून काढते.

विमा म्हणून मी मेडिकेअरला दहापैकी साडेआठ देईन. आत शिरायच्या दाराला मात्र चार. तेही हात सैल सोडून.

पहिली गोष्ट डोक्यात बसायला मला वेळ लागला: इथे ‘फॅमिली’ नावाचा प्रकारच नाही. कंपनीच्या विम्यात माझ्या एका सहीवर दोघांचं भागायचं. मेडिकेअरमध्ये नवरा वेगळा, बायको वेगळी. दोन अर्ज, दोन कार्डं, दोन हप्ते, दोन डिडक्टिबल (विमा द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम). एकच सवलत म्हणजे यांची इथे दहा वर्षांची नोकरी भरत नव्हती, तरी माझ्या चाळीस क्वार्टर्सवर (दहा वर्षांच्या तिमाह्यांवर) यांनाही पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, बिनहप्त्याचा मिळाला. पार्ट बी चा हप्ता मात्र प्रत्येकाला असतोच. २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता, २०२६ मध्ये २०२.९० झाला.

अर्ज ऑगस्टमध्ये केला. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शन खात्याच्या, साइटवर अर्ज भरणं सोपं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. घोडं अडलं ते सीएमएस-एल५६४ या एका पानाच्या फॉर्मवर. मी खरंच नोकरीत होते आणि त्या नोकरीचा विमा मला होता, हे कंपनीने लिहून द्यायचं असतं. अर्धा भाग आपण भरायचा, अर्धा त्यांनी. आमच्या एचआरमधल्या मुलीने हे पान आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. आधी म्हणाली, याची गरज काय, कोब्रा (ते पुढे सांगते) घ्या, अठरा महिने निवांत. मग फॉर्म भरला तो फक्त माझा, यांचा नाहीच. दुसऱ्यांदा यांचा आला, पण विमा कधी सुरू झाला ती तारीख कोरी. सही झोकात. तीन आठवडे यातच गेले. नंतर कळलं की कंपनी टाळाटाळ करत असेल तर जुन्या पेस्लिप (विम्याचा हप्ता कापलेला दिसेल अशा), डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगार-कराचा कागद), विम्याची कार्डं असा पुरावाही जोडता येतो. आधी कळलं असतं तर रक्तदाब जरा कमी वाढला असता.

कोब्राचं मात्र नीट ऐका, कारण आमच्या एका परिचितांचा यात बळी गेलाय. कोब्रा म्हणजे नोकरी सुटल्यावर पूर्ण हप्ता स्वतः भरून चालू ठेवलेला तोच विमा. कार्ड तेच, डॉक्टर तेच, त्यामुळे माणसाला वाटतं काही बदललंच नाही. पण मेडिकेअरच्या हिशेबात तो ‘चालू नोकरीचा’ विमा धरत नाहीत. बी घ्यायला जी आठ महिन्यांची मुदत मिळते, ती नोकरी किंवा तिचा विमा, जे आधी संपेल तिथून धावायला लागते, कोब्रा असो वा नसो. हे गृहस्थ अठरा महिने कोब्रावर निवांत राहिले. मुदत केव्हाच उलटून गेली होती. पुढच्या जानेवारी ते मार्चच्या खिडकीपर्यंत थांबावं लागलं, आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्त्यावर दहा टक्के दंड, तोही जन्मभर.

आमचं तसं झालं नाही. आमची ठेच वेगळी होती.

सप्टेंबरच्या मध्यावर कार्डं आली. पातळ कागदाचं, लाल-पांढरं-निळं कार्ड, इतकं साधं की मी पाकिटात अजून काही आहे का म्हणून झटकून पाहिलं. त्यावर दोन ओळी. पार्ट बी पुढे १०-०१-२०२५, म्हणजे १ ऑक्टोबर, मागितली तीच तारीख. पार्ट ए पुढे ०२-०१-२०२५. मला वाटलं दोन जानेवारी. इतकी वर्षं या देशात काढूनही तारीख आधी आपल्या पद्धतीनेच वाचली जाते! मग लक्षात आलं, ही १ फेब्रुवारी. पण मी तर ऑगस्टमध्ये अर्ज केला होता.

नियमच तसा आहे. पासष्टीनंतर अर्ज केला की बिनहप्त्याचा पार्ट ए सहा महिने मागच्या तारखेपासून लागू होतो. नको म्हणता येत नाही. आता त्यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. वाईट हे की मेडिकेअरचा कुठलाही भाग लागू झाला की एचएसए, म्हणजे औषधोपचारासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, पैसे टाकता येत नाहीत, आणि मी ऑगस्टपर्यंत प्रत्येक पगारातून टाकत होते. पूर्ण वर्षाची कमाल मर्यादा माझ्या वयाला ९,५५० होती, पण नियमाने माझा हक्क फक्त जानेवारीचा, म्हणजे बाराव्या हिश्शाचा, आठशेच्याही आतला. बाकी सगळे जादा. ते पैसे, त्यांनी मिळवलेल्या परताव्यासकट, खात्यातून बाहेर काढले, त्यावर कर भरला, आणि तसेच ठेवले असते तर दरवर्षी लागणारा सहा टक्क्यांचा दंड टाळला. हे सगळं ज्या लायब्ररीत शिपचे स्वयंसेवक बसतात तिथल्या आजोबांनी समजावलं. शिप म्हणजे मेडिकेअरचा सल्ला फुकट देणारी सरकारी योजना, प्रत्येक राज्यात आहे, आणि ती काही विकत नाही. एचएसए असेल तर पेन्सिलीने आजच कॅलेंडरवर खूण करा: अर्जाच्या सहा महिने आधी पैसे टाकणं बंद.

मग बिल. आम्ही अजून सोशल सिक्युरिटी घेत नाही, त्यामुळे हप्ता परस्पर कापला जात नाही, तीन महिन्यांचं बिल घरी येतं. १८५ च्या हिशेबाने माणशी ५५५ ची तयारी ठेवली होती. आलं ते नुसत्या बी चंच ७७७. हा इर्मा. दोन वर्षांपूर्वीचं टॅक्स रिटर्न पाहून जास्त उत्पन्नवाल्यांना लावतात तो जादा आकार. २०२३ मध्ये मी पूर्ण पगारावर होते. आता पगार शून्य, पण कागदावर मी अजून श्रीमंत. यावर उपाय आहे: एसएसए-४४ फॉर्म, त्यात ‘काम थांबलं’ या खान्यावर खूण आणि कंपनीचं पत्र. काही आठवड्यांनी आकार उतरला, भरलेला फरक पुढच्या बिलात वळता झाला.

आता मेडिगॅप की अ‍ॅडव्हांटेज. या विषयावर आमच्या मंडळात दिवाळीच्या फराळाला दोन तट पडतात. मूळ मेडिकेअर बी मधल्या खर्चाचे ऐंशी टक्के देतं, उरलेल्या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही, त्यासाठी मेडिगॅप, म्हणजे खाजगी कंपनीचा पूरक विमा. अ‍ॅडव्हांटेजचे (मूळ मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीमार्फत घ्यायची योजना) हप्ते कमी, कधी शून्य, वर दात-चष्मा वगैरे. पण डॉक्टर त्यांच्या नेटवर्कमधले आणि मोठ्या गोष्टींना आधी मंजुरी. आम्ही मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅपचा प्लॅन जी घेतला. कारण एकच: बी सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत मेडिगॅपवाले तब्येत विचारू शकत नाहीत. नंतर न्यूयॉर्क, कनेक्टिकटसारखी मोजकी राज्यं सोडली तर बहुतेक ठिकाणी विचारतात. यांना मधुमेह आहे. आज ‘बघू नंतर’ म्हटलं की उद्या दार बंद. औषधांचा पार्ट डी वेगळा घेतला, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. हप्ता कमी आहे, गोळ्या मिळतात.

वापराचा अनुभव. ऑक्टोबरमध्ये पहिल्याच डॉक्टरभेटीचं बिल नाकारलं गेलं. दवाखान्याच्या संगणकात माझा जुना कंपनीचा विमाच पहिला आणि मेडिकेअर दुसरं अशी नोंद होती. कंपनीचा विमा संपला हे मेडिकेअरच्या समन्वय केंद्राला फोन करून सांगावं लागतं, आपोआप होत नाही. एक फोन, चाळीस मिनिटं संगीत, मग पाच मिनिटांचं काम. त्यानंतर एकदाही अडलं नाही.

ऑक्टोबरला सुरुवात करण्याचा तोटा जानेवारीत कळला. बी चं वर्षाचं २५७ डॉलरचं डिडक्टिबल आम्ही दोघांनी शरदात भरलं, आणि १ जानेवारीला नवं २८३ चं उभं. प्लॅन जी बाकी सगळं उचलतो, हे नाही. निवृत्तीची तारीख आपल्या हातात असेल तर याचाही विचार करा.

डिसेंबर-जानेवारी आम्ही नाशिकला दिराकडे होतो. मेडिकेअर भारतात जवळजवळ काहीच देत नाही. प्लॅन जी देतो: प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतल्या तातडीच्या उपचाराचे ऐंशी टक्के, २५० डॉलर स्वतः भरल्यावर, आयुष्यभरात ५०,००० पर्यंत. मी जिन्यावरून घसरले, मनगटाला बारीक चीर गेली. एक्स-रे, प्लॅस्टर, डॉक्टर, सगळ्याच्या शिक्क्यानिशी इंग्रजीत पावत्या करून घेतल्या, जाऊबाई हसत होत्या. परत येऊन बेरीज केली तर सगळा खर्च २५० डॉलरच्या आतच. क्लेम करण्यासारखं काही उरलंच नाही. जास्त राहणार असाल किंवा मोठ्या आजाराची धास्ती असेल तर प्रवासविमा वेगळा घ्याच.

फेब्रुवारीत यांचं डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कुणाची परवानगी नाही, नेटवर्कची यादी नाही, कन्या जिथे म्हणाली त्या सर्जनकडे गेलो. साधी लेन्स घेतली. ‘प्रीमियम’ लेन्सचा फरक मेडिकेअर देत नाही, आणि काउंटरवरची बाई ती फार गोड बोलून विकते. एरवी चष्मा मेडिकेअरमध्ये नाही, पण या ऑपरेशननंतर एक जोडी मिळते, हे आम्हाला तिथे कुणी सांगितलं नाही, शिपच्या आजोबांनीच सांगितलं होतं. नंतर टपालाने मेडिकेअरचा गोषवारा आला, वर ठळक ‘हे बिल नाही’. सर्जनने लावलेली रक्कम, मेडिकेअरने मान्य केलेली रक्कम आणि आमच्या वाट्याचं २८३ डॉलरचं डिडक्टिबल. यांनी पहिल्या दोन आकड्यांतला फरक तीनदा वाचला, नव्या डोळ्याने, चष्मा न लावता.

दुसरा डोळा जूनमध्ये आहे. डिडक्टिबल भरून झालंय, म्हणून डिसेंबरच्या आत उरकायचं ठरवलंय.