गाण्यांच्या टॅगसाठी एमपी३टॅग, पिकार्ड की किड३?

घरातला गाण्यांचा संग्रह एकदा नीट लावायचा असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, आणि गाडी नेमकी सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं इथेच अडते. टॅग म्हणजे गाण्याच्या फायलीतच लिहून ठेवलेली शीर्षक, गायक, अल्बम अशी माहिती. एमपी३ आणि फ्लॅक या फायलींच्या दोन प्रकारांत फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी तिन्ही सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरली आहेत. तिन्ही चांगली आहेत. तरी आता रोज उघडतो ते एकच, आणि त्याचं कारण तसं पाहिलं तर एका टिंबाएवढं आहे.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरते. एक भाग सीडींवरून उतरवलेला. दुसरा वडिलांच्या कॅसेटींचा. त्यात विकत घेतलेल्या नाट्यगीत-भावगीतांच्या कॅसेटी आहेत, आणि साठ-नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटींवर त्यांनी रेडिओवरून टेप केलेलं शास्त्रीय गाणंही आहे. या कॅसेटी एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतल्या. फायली मिळाल्या त्या ‘टेप ०१४ बी’ अशा नावाच्या. आत काय आहे ते फक्त कॅसेटच्या कागदावर वडिलांच्या बारीक अक्षरात. तिसरा भाग वेळोवेळी इकडून तिकडून आलेला. त्यात गायकाच्या जागी संकेतस्थळांचे पत्ते बसलेले, आणि एकाच गायिकेचं नाव रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिलेलं.

पहिल्या भागासाठी पिकार्डला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्युझिकब्रेन्झ हा लोकांनी मिळून भरलेला माहितीचा साठा त्याच्या पाठीशी आहे. सीडीवरची गाणी डाव्या बाजूला टाका, ती उजवीकडे आपापल्या अल्बममध्ये जाऊन बसतात. मुखपृष्ठ येतं, वर्ष येतं, क्रमांक येतात. शास्त्रीय संगीताच्या बाबतीत हा साठा अगदीच रिकामा नाही. बार्सिलोनाच्या विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या सीडींची बरीच माहिती त्यात घातली आहे. मला काही ख्यालाच्या सीडी तिथे इतक्या तपशिलात सापडल्या की साथीदारांची नावंही मिळाली. मराठी अल्बम मात्र मला बहुतांशी रोमन लिपीत मिळाले. ज्यांना फोनवर देवनागरीच हवी, त्यांना तिथे हाताने काम आहेच.

दुसऱ्या भागाशी पिकार्डचं फारसं जमत नाही. तो सगळा विचार अल्बमच्या हिशेबाने करतो. रेडिओवरून टेप केलेल्या यमनला अल्बमच नाही, मग तो डावीकडे ताटकळत राहतो. आवाजावरून गाणं ओळखण्याची त्याची सोय खरोखर अप्रतिम आहे, पण ती ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांवरून ठसा काढते आणि तोच ठसा आधी कुणी नोंदवलेला असेल तरच जुळवते. आमच्या टेपांची पहिली दोन मिनिटं म्हणजे निवेदिकेची घोषणा, तंबोऱ्याची जुळवाजुळव आणि मध्येच वडिलांनी बटण दाबल्याचा खट्ट आवाज. तो ठसा जगात दुसऱ्या कुणाकडे असणार? म्हणून पिकार्ड मी सीडीपुरता ठेवला आहे आणि तेवढ्यावर समाधानी आहे.

खरी निवड होती ती एमपी३टॅग आणि किड३ यांच्यात.

विंडोजवर एमपी३टॅगची शिफारस तुम्हाला दहातले नऊ जण करतील, आणि ते चुकीचं सांगत नाहीत. पुष्कळ वर्षं मीही तेच वापरलं. उघडल्या उघडल्या सगळा संग्रह तक्त्यात समोर येतो. हवा तो रकाना वाढवता येतो. मी ‘राग’ नावाचा स्वतंत्र रकाना केला होता. रागाच्या नावावर टिचकी मारली की सगळे भूप एकाखाली एक, सगळे मारवे एकाखाली एक. (पुढे लक्षात आलं की फोनवरची बहुतेक वादक-ॲप हा रकाना दाखवतच नाहीत. म्हणून आता राग शीर्षकातच आधी लिहितो, मग बंदिशीचे शब्द. तुम्हीही तसंच करा, नंतरचा त्रास वाचेल.) फायलीच्या नावावरून टॅग भरणं, टॅगवरून फायलीचं नाव करणं, पन्नास गाण्यांना एका दमात क्रमांक देणं, सगळं चुटकीसरशी. गीतरामायणाची ५६ गाणी फोनवर १, १०, ११, २ अशी वाजायची. एकअंकी क्रमांकांआधी शून्य लावून ती कथेच्या क्रमाने बसवायला मला तिथे पाच मिनिटंही लागली नाहीत. वेगाच्या बाबतीत किड३ त्याच्या मागेच आहे, हे कबूल करायला हवं.

आता तो टिंब.

जुन्या तबकड्यांवर आणि कॅसेटींवर ‘मा. दीनानाथ’, ‘मा. कृष्णराव’ असं छापलेलं असे. माझ्याकडे काही फायलींत ‘मा.’ होतं, काहींत ‘मास्टर’. त्यामुळे फोनवर एकाच गायकाची दोन घरं दिसत होती. एका रात्री मी सगळ्या ‘मा.’चं ‘मास्टर’ करायला घेतलं. साधी अदलाबदल निवडायच्या ऐवजी रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे खुणांनी लिहिलेल्या नमुन्यावरून शोधून बदलणारी, अदलाबदल निवडली, सगळा संग्रह निवडलेला होताच, आणि ओके दाबलं. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये टिंबाचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’. त्या अर्थाने मशीनने आपलं काम चोख केलं. ‘मा. दीनानाथ’चं ‘मास्टर दीनानाथ’ झालं. आणि माणिक वर्मांचं ‘मास्टरिक वर्मा’. मालिनी राजूरकरांचं ‘मास्टरिनी राजूरकर’. कुमार गंधर्वांचं ‘कुमास्टर गंधर्व’.

मी पाहिलं ते फक्त वरचं पान. तिथे मास्टर दीनानाथ नीट दिसत होते. खिडकी बंद केली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फोनवर माणिकताईंचं गाणं शोधलं, सापडलं नाही, तेव्हा कळलं.

चूक माझी होती, त्यात वाद नाही. एमपी३टॅगमध्ये कंट्रोल-झेड आहे आणि ते उत्तम चालतं. पण त्याची काम करण्याची रीतच अशी आहे की मोठी अदलाबदल केली की ती त्याच क्षणी फायलींवर लिहिली जाते. चूक तिथल्या तिथे दिसली तर परत फिरता येतं. शेकडो फायलींत चूक दिसतेच असं नाही, विशेषतः ती तक्त्याच्या खाली तीन हजार ओळींवर बसली असेल तर. माझ्याकडे बाहेरच्या डिस्कवर प्रत होती म्हणून निभावलं. ती प्रत मात्र महिनाभर जुनी होती. त्या महिन्यात कॅसेटच्या कागदांवरून टिपून घातलेलं सगळं, कुठल्या दिवशी टेप केलं, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, ते पुन्हा बसून भरावं लागलं. भिंग घेऊन वाचलेलं अक्षर दुसऱ्यांदा वाचायचं, हे काम फार जिवावर येतं.

किड३ची रीत वेगळी आहे. तुम्ही काहीही बदला, एका फायलीत की हजारांत, तो बदल आधी फक्त पडद्यावर होतो. बदललेल्या प्रत्येक फायलीच्या नावाशेजारी फ्लॉपीचं छोटं चित्र उमटतं. जतन करा म्हणेपर्यंत डिस्कवरच्या फायलीला हात लागत नाही, आणि मध्येच बंद करायला गेलात तर विचारून घेतं. मी मुद्दाम तीच चूक तिथे पुन्हा करून पाहिली. शोधा-बदला उघडलं, रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण केली, ‘मा.’च्या जागी ‘मास्टर’. एका फोल्डरमध्ये मास्टर दीनानाथांच्या चारच फायली होत्या, आणि फ्लॉपी उमटल्या एकतीस फायलींशेजारी. गणित जुळत नाही हे यादीकडे नजर टाकताच कळलं. सगळे बदल मागे घेतले, टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ (\) दिली, म्हणजे टिंब हे टिंबच धरलं जातं, आणि पुन्हा चालवलं. चार फ्लॉपी. मग जतन.

सुरक्षित म्हणून पिकार्डही जतन करेपर्यंत फायलीला शिवत नाही, तो गुण त्याच्याकडे आहेच. पण कॅसेटींचं काम त्याच्यावर टाकता येत नसल्यामुळे माझ्यासाठी प्रश्न किड३नेच सुटला.

किड३चा आणखी एक गुण मला वापरता वापरता कळला. एमपी३ फायलीत टॅग दोन जागी असू शकतो. जुन्या पद्धतीचा टॅग फायलीच्या अगदी शेवटी, सगळा मिळून १२८ बाइटचा. त्यात शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. देवनागरीची सोय त्यात नाहीच. नव्या पद्धतीचा टॅग सुरुवातीला, त्यात देवनागरी आरामात मावते. किड३ हे दोन्ही वेगवेगळ्या चौकटींत समोर मांडतो, टॅग १ आणि टॅग २. आमच्या घरी एक जुना खिशातला प्लेअर आहे, आई फिरायला जाताना तोच नेते. त्यावर काही गाणी ‘??????’ अशी दिसायची, काहींवर कुठल्याशा संकेतस्थळाचा पत्ता. मी तर सगळे पत्ते पुसले होते! किड३मध्ये उघडल्यावर दिसलं की नव्या टॅगमधून पुसलेला पत्ता जुन्या टॅगमध्ये तसाच बसून आहे आणि तो प्लेअर फक्त जुनाच वाचतो. आता मी टॅग १ मध्ये छोटं रोमन नाव ठेवतो आणि टॅग २ मध्ये पूर्ण देवनागरी. प्रश्नचिन्हं गेली. एमपी३टॅगमध्ये जुना टॅग वाचायचा की नाही, लिहायचा की पुसून टाकायचा, हे ठरवता येतं. पण दोघांत वेगवेगळा मजकूर ठेवायचा असेल तर मला किड३च सोपा वाटला.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर ‘ऱ्य’बद्दल बोलायला हवं, कारण त्यात तिन्ही सॉफ्टवेअर सारखीच आहेत. ‘वाऱ्यावर’मधला तो अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात, काही साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही हुबेहूब. संगणकाला ती दोन वेगळी नावं. त्यात जुन्या मॅकवरून आलेल्या फायली असतील तर तिसरा प्रकार निघतो: तिथली डिस्क फायलीच्या नावातला ‘ऱ’ फोडून साधा र आणि खाली नुक्ता असा ठेवायची, आणि त्या नावावरून टॅग भरला की तेच टॅगमध्ये उतरतं. एकाच अल्बमचे दोन तुकडे झाले आणि कितीही निरखून नाव सारखंच दिसतंय, तर संशय आधी इथे घ्या. उपाय साधा आहे. एका फायलीतलं नाव उचलायचं आणि बाकी सगळ्या निवडून त्यांत तेच चिकटवायचं. किड३मध्ये अनेक फायली एकदम निवडल्या की जिथे नावं जुळत नाहीत तिथे ‘≠’ अशी खूण येते. दिसायला एकच असलेल्या नावांवर ती खूण आली की चोर सापडला.

किड३मध्ये खटकणारं काहीच नाही असं नव्हे. दिसायला रुक्ष आहे. प्रत्येक रकान्याशेजारी बरोबरच्या खुणेची चौकट असते, आणि तिची खूण राहून गेली की बदल का लागू होत नाही म्हणून माणूस वैतागतो. पहिल्या आठवड्यात मी चांगलाच वैतागलो होतो. एमपी३टॅगचा तो मोठा तक्ता, सगळा संग्रह एका नजरेत, त्याची आठवण अजूनही येते. आणि मदत मागायला गेलात तर एमपी३टॅगचे जाणकार जास्त भेटतील.

तेव्हा तुमच्याकडे बहुतेक सीडीच असतील तर पिकार्डने सुरुवात करा, कदाचित दुसरं काही लागणारही नाही. विंडोजवर आहात, हात सरावलेला आहे आणि संग्रहाची ताजी प्रत न चुकता ठेवता, तर एमपी३टॅग सोडायला मी सांगणार नाही. मॅकवर ते विकत घ्यावं लागतं, एवढं लक्षात असू द्या. किड३ विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर फुकट आहे, अँड्रॉइडवरही आहे. पण घरात कॅसेटींवरून उतरवलेलं काही असेल, ज्याची माहिती एका कागदाशिवाय जगात कुठेच नाही, तर निदान तेवढ्या फोल्डरसाठी किड३ वापरून पाहा असं मला मनापासून वाटतं.

करून पाहायचं असेल तर सगळ्या संग्रहावर नको. वीसेक गाण्यांच्या फोल्डरची प्रत काढा, त्यात एखादा कुमार आणि एखादी माणिक असू द्या, आणि एमपी३टॅग व किड३ या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने ‘मा.’चं ‘मास्टर’ करून बघा.