सोनं खरं, पद्मटंक खोटं

ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या श्रीरामचंद्राचं नाव येतं, त्या देवगिरीच्या यादव राजाचं एक तरी सोन्याचं नाणं आपल्याकडे असावं, ही माझी फार जुनी इच्छा. तिचाच फायदा घेतला गेला.

ओळखीच्या ओळखीतून एक जण घरी आला. रुमालाच्या गाठीतून त्याने पद्मटंक, म्हणजे कमळाचा ठसा असलेलं यादवांचं सोन्याचं नाणं, काढलं. बशीसारखं किंचित खोलगट, मध्ये आठ पाकळ्यांचं कमळ, भोवती नागरीत राजाचं नाव, दोन 'श्री' आणि शंख. पाठ कोरी. वजन ३.७४ ग्रॅम. सराफाने कसाला लावून सोनं खरं असल्याचं सांगितलं आणि माझी शंकाच संपली. ६८,००० रुपये रोख मोजले. नुसत्या सोन्याची किंमत त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती.

"विहीर खणताना सापडलंय, पावती मागू नका," असं तो म्हणाला होता. तिथेच मी उठायला हवं होतं. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा जुना ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. म्हणजे त्याचं म्हणणं खरं असतं तर मीही अडकलो असतो. याच भीतीने लोक फसले तरी तक्रार करत नाहीत, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सहा महिन्यांनी नाशिकला एका मित्राने त्याचं नवं पद्मटंक दाखवलं. माझं खिशातच होतं. दोन्ही शेजारी ठेवली आणि पोटात गोळा आला. कमळाच्या एकाच पाकळीला तीच खाच, उजवीकडचा 'श्री' तितकाच तिरपा, कडेची चीरसुद्धा तीच. यादवांच्या टांकसाळीत प्रत्येक चिन्हाचा ठसा वेगळा, हाताने ठोकलेला. त्यामुळे ठशांमधलं अंतर आणि कल प्रत्येक नाण्यावर थोडा तरी बदलतोच. हुबेहूब जुळी नाणी फक्त साच्यातून निघतात. भिंगाखाली पाठीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रंही दिसली, ओतकामात राहतात तशी.

कसोटीचा दगड सोनं ओळखतो, नाण्याचं वय नाही, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

आम्ही दोघांनी मिळून पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. त्याच साच्यातली आणखी नाणी बाजारात असणार. कमळाच्या खालच्या डाव्या पाकळीला खाच आणि उजवा 'श्री' बाहेर कललेला, असं नाणं कुणी दाखवलं तर पैसे देऊ नका, आधी फोटो काढून ठेवा.