औषधांना दाद न देणारे जिवाणू: लशीवर भर द्यावा की अँटीबॉडीवर?

संशोधनाचा विषय निवडायचा असो की निधी कुठे द्यायचा ते ठरवायचं असो, आधी जिवाणू कोणता आणि त्याचा धोका कुणाला, किती आधी कळतो ते पाहा. लशीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण संरक्षण बराच काळ टिकतं. तयार अँटीबॉडी, म्हणजे जंतूला किंवा त्याच्या विषाला पकडणारं प्रथिन, टोचल्यावर लगेच कामाला लागते. मात्र साधारण तीन आठवड्यांत तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं.

टायफॉइड कुणाला गाठेल ते आधी सांगता येत नाही. तिथे लसच हवी. सिंधमधल्या हैदराबादेत 2016 मध्ये अशी साथ आली की सेफ्ट्रिॲक्झोन हे इंजेक्शनचं अँटिबायोटिकही चालेना. तोंडावाटे द्यायला ॲझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. पाकिस्तानने 2019 मध्ये टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस (जिवाणूची शर्करा प्रथिनाला जोडून केलेली) नियमित लसीकरणात घेतली, असं करणारा तो पहिला देश. ही लस जिवाणूच्या बाहेरच्या शर्करा-आवरणावर नेम धरते, त्यामुळे तो कुठल्या औषधाला दाद देत नाही याने तिला फरक पडत नाही.

जखमा, रक्त व फुप्फुसांत संसर्ग करणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ) या जिवाणूच्या लशीबाबत मात्र फार सावध राहा. बहुतेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी आधीपासून असतात, तरी संसर्ग होतोच. मर्क या औषध कंपनीची व्ही710 लस हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेआधी देऊन पाहिली. संसर्ग टळला नाहीच. उलट ज्यांना स्टॅफचा संसर्ग झाला, त्यांच्यात लस घेतलेल्यांचे मृत्यू अधिक निघाले. फायझरनेही 2018 मध्ये आपल्या स्टॅफ लशीची चाचणी थांबवली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिलेली सुव्राटॉक्सुमॅब ही अँटीबॉडीसुद्धा ठाम फरक दाखवू शकली नाही.

अँटीबॉडीचं खरं बळ दिसतं ते नुकसान एखाद्याच विषामुळे होतं तिथे. अँटिबायोटिकनंतर आतड्यात फोफावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचं तसंच आहे. बेझलोटॉक्सुमॅब ही अँटीबॉडी त्याचं ‘बी’ नावाचं विष निकामी करते. चाचण्यांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे 27 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आलं. अमेरिकेत 2016 मध्ये मंजुरी मिळाली, आणि 2025 मध्ये कंपनीने ती बंद केली. परिणामकारक औषध असं हातचं जावं, याचं फार वाईट वाटतं. म्हणून अँटीबॉडीचा मार्ग धरणाऱ्याने ती विकत कोण घेणार हे पहिल्याच दिवशी विचारावं.

नवजात बाळांच्या रक्तात गंभीर संसर्ग करणाऱ्या क्लेब्सिएला या जिवाणूसाठी माझा कौल गरोदरपणात द्यायच्या लशीला. नवजात बाळाला जंतुसंसर्ग पहिल्याच दिवसांत गाठतो, तेव्हा बाळाला लस देऊन उपयोग नाही. आईच्या अँटीबॉडी मात्र वारेतून आधीच पोचतात. अडचण एवढीच, की या जिवाणूच्या आवरणाचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत. त्यातले बाळांना आजारी पाडणारे कोणते, ही मोजणी आधी करावी लागेल.