रग्ड हँडहेल्ड, एक पावसाळा वापरून: यंत्र दणकट, बूच रबरी

वखारीत लाकडाची मापं टाकायला रग्ड हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं दणकट यंत्र वापरतो. त्याच्या चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच तुटलं, म्हणून हे लिहायला बसलो. कंपनीचं नाव टाकत नाही, सेवा केंद्राशी मेलामेली अजून चालू आहे. छोटी स्क्रीन, खाली आकड्यांची खरी बटणं, डोक्यावर बारकोड स्कॅनर, आयपी67 (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा), अँड्रॉइड. या वर्गातली यंत्रं पाहिलेल्यांना एवढं पुरे.

लाकडाची वखार मुंबईत रे रोडला. बहुतेक गोल लाकूड न्हावा शेव्याहून कंटेनरने येतं, थोडा साग बल्लारशाच्या लिलावातला. टेपने घेर आणि लांबी घ्यायची, टॅग स्कॅन करायचा, आकडे यंत्रात टाकायचे. घनफूट ते काढतं, तेही गोल लाकडासाठीच्या आपल्या हॉपसच्या हिशोबाने: इंचातल्या घेराचा वर्ग गुणिले फुटातली लांबी, भागिले 2304. या हिशोबात खऱ्या घनफळाच्या साधारण साडे‍अठ्ठ्याहत्तर टक्केच माल मोजला जातो, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि भावही त्यावरच ठरतो. अ‍ॅपमध्ये मात्र आधी घनमीटर लावून दिलेला असतो. पहिल्या दिवशीच बदलून घ्या, नाहीतर पार्टीशी भांडण ठरलेलं.

बटणांबद्दल आधी माझं मत वाईट होतं. एवढ्या पैशात स्क्रीन मोठी का नाही, असं वाटायचं. जूनमध्ये पाऊस लागला आणि मत फिरलं. ओल्या बोटांनी टच स्क्रीन वेड्यासारखी वागते. थेंब पडला तरी तिला बोट वाटतं. 48 इंच घेराचा, 12 फुटी ओंडका म्हणजे बरोबर 12 घनफूट. 8 च्या जागी शेजारचा 5 दाबला गेला की तोच ओंडका साडेदहाचा होतो. साग असेल तर दीड घनफुटाचे किती झाले, ते ज्याचं त्याने काढावं. बटण दाबलं की अंगठ्याला कळतं, बघावं लागत नाही. हातमोजे घालूनही चालतं. मुकादम तर आता स्क्रीनला हातच लावत नाही.

पडण्याचं म्हणाल तर यंत्र थप्पीवरून कितीदा खाली आलं त्याची गणती नाही. कोपरा घासला, बाकी काही नाही. विक्रेता मिल-एसटीडी-810 चं, म्हणजे दणकटपणा तपासायच्या अमेरिकन लष्करी मानकाचं नाव फार घेतो, त्यातली गंमत सांगतो. 810-जी आवृत्तीत चार फुटांवरून 26 वेळा टाकायचं, पण त्या 26 आपट्या पाच नगांमध्ये वाटून घ्यायची मुभा आहे. आणि खाली काय, तर काँक्रीटवर दोन इंची प्लायवुड! लाकूडवाल्याला हे वाचून हसू आवरेना. आमच्या वखारीत खाली दगडी फरशी आहे आणि तरीही टिकलंय, याचे गुण मी मोकळ्या मनाने देतो.

आता बूच. आयपी67 मधला 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. हे सगळं बूच घट्ट बसलेलं असेल तेव्हा. आणि चार्जिंग रोज, म्हणजे बूच रोज उघडायचं. ज्या पट्टीवर ते लोंबतं ती चपलेच्या अंगठ्यासारखी झिजते आणि एक दिवस हातात येते. मग आऱ्याचा बारीक भुसा त्या भोकात बसतो, वरून खारी दमट हवा, भुसा ओल धरतो आणि त्यातच केबल लावली की पिना हिरव्या पडतात. पिना मी भिंग लावून पाहिल्या, कडेच्या दोन खाल्लेल्या होत्या.

सेवा केंद्र म्हणतं, बूच सुटं मिळत नाही, मागचं अख्खं पॅनेल घ्या. बोटाच्या पेराएवढ्या रबरासाठी पॅनेल! वॉरंटीत बसतं का विचारलं, तर ‘झिजणारा भाग’ म्हणून नाही. झिजणारा आहे हे तुम्हालाच माहीत आहे, तर सुटा विका की. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन तास हिंडलो, त्या मापाचं बूच कुणाकडे नाही. सध्या सिलिकॉनचा तुकडा कापून बसवलाय. दिसायला भिकार, पण भुसा अडतो.

खरा उपाय डॉक, म्हणजे चार्जिंगचा स्टँड आहे. यंत्राच्या पाठीवर सोनेरी ठिपके आहेत, त्यावर टेकवलं की चार्ज होतं, बूच उघडायचंच नाही. मग हा डॉक खोक्यात का नाही? कारण तो वेगळा विकता येतो. शेवटी दात-ओठ खाऊन घेतला आणि तेव्हापासून तक्रार नाही, हेही लिहितो.

बॅटरी सुटी निघते, एक खिशात ठेवली की दिवस निघतो. जीपीएसबद्दल मी बोलत नाही, ते जंगलात फिरणाऱ्यांनी सांगावं. पत्र्याच्या शेडखाली त्याचा उपयोग शून्य.

दिवाळीनंतर दुसरा नग घ्यायचा आहे. घेईन हाच, पण डॉक त्याच किमतीत धरून, आणि तसं बिलावर लिहून दिल्याशिवाय चेक फाडणार नाही.