अनियोजित आयलँडिंग कसं ओळखायचं: तुमच्या मायक्रोग्रिडला कोणती पद्धत चालेल?

कॉलेजच्या आवारात किंवा कारखान्यात सौर पॅनेल, बॅटरी आणि डिझेल जनरेटर जोडून मायक्रोग्रिड उभारणारे पॅनेलच्या दरावर भरपूर घासाघीस करतात. आयलँडिंग संरक्षणाचा, म्हणजे मुख्य ग्रिड तुटल्यावर तुमच्या प्लँटने लाइनचा तुकडा बेटासारखा जिवंत ठेवू नये यासाठीच्या उपायांचा, रकाना मात्र पुरवठादारावर सोडतात. तो स्वतः वाचा. कामासाठी फीडर बंद केलाय, लाइनमन खांबावर आहे आणि तुमचा प्लँट तीच लाइन जिवंत ठेवतोय, हे कधीच होऊ नये म्हणून तो रकाना आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांप्रमाणे असं बेट तयार झाल्यापासून 2 सेकंदांत तुमचा पुरवठा थांबायला हवा.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे फक्त मोजत राहणारा रिले, म्हणजे मर्यादा ओलांडली की जोडणी तोडायला लावणारं उपकरण. व्होल्टेज 80 टक्क्यांखाली किंवा 110 टक्क्यांवर गेलं, फ्रिक्वेन्सी 47.5 ते 50.5 हर्ट्झच्या बाहेर गेली, की ट्रिप. कागदावर भक्कम वाटतं, पण हिशोब करून बघा. हीटरसारख्या लोडची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलते. म्हणजे ग्रिड गेल्यावर सौर उत्पादन लोडच्या 64 ते 121 टक्क्यांमध्ये कुठेही असलं, तरी व्होल्टेजच्या रिलेला काहीच कळत नाही. उरली फ्रिक्वेन्सी. ती रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरच्या (मोटरसारखी उपकरणं काम न करता नुसती ये-जा करवतात त्या विजेच्या) असमतोलावर सरकते, आणि पॉवर फॅक्टर सुधारून बिल कमी व्हावं म्हणून बसवलेलं एपीएफसी पॅनेल (गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं) नेमका तोच असमतोल पुसून टाकतं. बिल वाचवणारं पॅनेल बेट लपवतं, हे सल्लागार क्वचितच सांगतात.

मग रिले अधिक संवेदनशील करावा का? ब्रिटनचा अनुभव आठवा. 9 ऑगस्ट 2019 रोजी विजेच्या लाइनवर वीज कोसळली. ग्रिड शाबूत होती, तरी सुमारे 150 मेगावॅट छोटे प्रकल्प व्हेक्टर शिफ्ट रिलेमुळे (व्होल्टेजच्या लहरीतली अचानक उडी पाहणाऱ्या) आणि पुढे सुमारे 350 मेगावॅट फ्रिक्वेन्सी बदलाच्या वेगावर चालणाऱ्या रिलेमुळे सुटले. मोठे प्रकल्पही त्याच वेळी बंद पडले होते. 10 लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले. तिथे या वेगाच्या रिलेची मर्यादा 0.125 वरून 1 हर्ट्झ प्रति सेकंद करण्याची मोहीम आधीच सुरू होती, ती पुढे जोरात राबवली गेली. आपल्याकडच्या ग्रामीण फीडरवर फार घट्ट सेटिंग ठेवलं, तर प्लँट सारखा सुटत राहील.

सक्रिय पद्धतीत इन्व्हर्टर स्वतः फ्रिक्वेन्सीला हलकासा धक्का देत राहतो. ग्रिड असेल तर ती हलत नाही. नसेल तर धक्का वाढत जातो आणि मर्यादा ओलांडली जाते. इन्व्हर्टर बेट ओळखून थांबतो का ते पाहणारी आयएस 16169 ही भारतीय मानकाची चाचणी उत्पादन आणि लोड मुद्दाम जुळवूनच घेतली जाते, म्हणून ते प्रमाणपत्र मागाच. फक्त सौर, एकाच कंपनीचे इन्व्हर्टर, जनरेटर ग्रिडला समांतर चालत नाही, अशा ठिकाणी माझ्या मते हे पुरेसं आहे. पण प्रमाणपत्र एकट्या इन्व्हर्टरचं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे इन्व्हर्टर एकमेकांचे धक्के बोथट करू शकतात. ग्रिड-फॉर्मिंग बॅटरी (स्वतःच व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारी) किंवा समांतर चालणारा जनरेटर असेल, तर तो फ्रिक्वेन्सी सावरून धरतो आणि सगळी युक्ती निकामी होते.

अशा ठिकाणी सबस्टेशनच्या ब्रेकरकडून थेट ट्रिपचा सिग्नल आणा. समतोल कितीही असो, तो चुकत नाही. खर्च मात्र फायबरचा, आणि वाटेतल्या प्रत्येक रिक्लोजरकडून (बिघाडानंतर लाइन आपोआप परत जोडणाऱ्या ब्रेकरकडून) सिग्नल लागतो. सिग्नल तुटला तरी जोडणी सुटेल अशीच रचना हवी. सहवीज निर्मितीच्या साखर कारखान्याला मी दुसरं काही सुचवणार नाही.

बाहेर वीज विकायचीच नसेल, तर एक साधा पर्याय राहून जातो: जोडणीच्या जागी किमान आयात पाहणारा रिले. ग्रिडमधून ठरावीक किलोवॅट येणं थांबलं की सुटतो. सुट्टीच्या दुपारी लोड कमी असताना सौर उत्पादन आवरावं लागेल, तेवढी किंमत द्यावी.

काहीही निवडा, जोडणीच्या आधी एक चाचणी करारात लिहून घ्या. भर दुपारी लोड आणि उत्पादन असं जुळवायचं की जोडणीच्या मीटरवर आयात-निर्यात, रिअ‍ॅक्टिव्ह धरून, जवळपास शून्य दिसेल. मग ग्रिडच्या बाजूचा ब्रेकर उघडायचा आणि लाइन किती वेळात मृत होते ते रेकॉर्डरवर मोजायचं. किमान आयातीचा रिले घेतला असेल, तर आयात त्याच्या मर्यादेच्या जरा वर ठेवून हेच करा.